रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतंय ते काय?

"काकू, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

काकू फाईल पिशवीत घालतात, फी देतात आणि जिना उतरता उतरता पुन्हा छातीवर हात ठेवतात.

काहीच झालेलं नाही, तर हात तिथे गेला कशाला?

घरी आल्यावर दुसरा निकाल लागतो. "बघ, डॉक्टरच म्हणाले काही नाही म्हणून. उगाच मनाला लावून घेतेस." ईसीजीचे पैसे गेले, रजा गेली आणि वर काकूंच्या नावावर ढोंगाचा शिक्का बसला. दुखणं मात्र होतं तिथेच आहे.

ताणामुळे दुखतं म्हणजे खोटं दुखतं, हा अर्थ कुणी काढला? वेदनेचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांची एक जागतिक संघटना आहे. तिने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली आणि २०२० मध्ये ती सुधारली. दोन्ही वेळा वेदना हा संवेदना आणि भावना या दोन्हींचा अनुभव आहे, असंच म्हटलं. सुधारताना सोबत टीपही जोडली. माणूस दुखतंय म्हणाला, तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा.

मान राखावा. आपण त्याला गोळी देतो आणि वाटेला लावतो.

बरं, मराठी माणसाला हे बाहेरून कुणी शिकवायची गरज आहे का? निकालाच्या दिवशी पोटात गोळा येतो. अपरात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. वाईट बातमीने हातपाय गळतात, तोंडाला कोरड पडते, घशात आवंढा दाटतो. पोराच्या काळजीने आईचं काळीज कुरतडतं. आपल्या भाषेने मन आणि शरीर यांना वेगवेगळ्या खोल्यांत कधी ठेवलंच नाही. दवाखान्याची पायरी चढताना आपणच हे सगळं विसरतो.

आत काय घडतं, ते साधं आहे. धोका जाणवला की मेंदू घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात, मागोमाग कॉर्टिसॉल येतं. हृदय धावतं, श्वास भराभर चालतो, स्नायू ताठ होतात, पचनाचं काम बाजूला पडतं. लढा किंवा पळा. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने हे शंभर वर्षांपूर्वी मांडलं. पाच मिनिटांच्या संकटासाठी ही व्यवस्था उत्तम आहे.

गृहकर्जाचं संकट वीस वर्षांचं असतं.

वसुलीवाल्याच्या फोनपासून पळणार कुठे? साहेबाशी लढणार कसं? मग शरीर नुसतं तयारीत उभं राहतं. खांदे कानांकडे चढतात आणि तिथेच मुक्काम करतात. रात्री झोपेत माणूस दात खातो आणि सकाळी त्याची कानशिलं ठणकतात. तो कानाच्या डॉक्टरकडे जातो. झिजलेल्या दाढा पाहून खरी गोष्ट ओळखतो तो बहुतेक वेळा दातांचा डॉक्टर. डोक्याभोवती पट्टा आवळावा तशी डोकेदुखी जगात सर्वाधिक आढळते. तिच्या वैद्यकीय नावातच टेन्शन आहे. तरी आपण चष्म्याचा नंबर तपासत बसतो.

आणि पोट? आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं जाळं आहे आणि त्याचं मेंदूशी रात्रंदिवस बोलणं चालू असतं. इंटरव्ह्यूच्या सकाळी तीनदा संडासला जावं लागतं, त्यात पाण्याचा दोष नसतो. पण मराठी घरात सगळ्याला एकच उत्तर. गॅस! छाती भरून आली, गॅस. पाठीत चमक, गॅस. ओवा चावा, सोडा प्या, झोपून राहा.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जातेय, दम लागतोय, तर आधी दवाखाना आणि ईसीजी. "गॅस असेल" हे घरी ठरवायचं नाही. "टेन्शन असेल" हेही नाही. वजन घटतंय, ताप हटत नाही, हातापायांतली ताकद जातेय, तर तपासणी पूर्ण व्हायलाच हवी. माझं भांडण तपासणीशी नाही. तपासणी झाल्यावर जी पाठ फिरवली जाते, तिच्याशी आहे.

"मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांनी जपानमधली एक गोष्ट ऐकावी. १९९० साली तिथल्या डॉक्टरांनी एका आजाराचं वर्णन केलं. मोठ्या धक्क्यानंतर, उदाहरणार्थ जवळचं माणूस गेल्यावर, रुग्णाला हृदयविकाराच्या झटक्यासारखी कळ येते. ईसीजी बदलतो. रक्तवाहिन्यांत मात्र झटक्याला कारण ठरेल असा अडथळा सापडत नाही. हृदयाचा डावा कप्पा टोकाशी फुगतो आणि तिथल्या कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो. त्या मडक्याचं नावच आजाराला पडलं, ताकोत्सुबो. बहुतेक रुग्ण पाळी थांबलेल्या स्त्रिया.

दुःख इकोवर दिसतं. आणखी काय पुरावा हवा?

उलट बाजूही बघा. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरने इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी सैनिक पाहिले. त्यांतल्या बहुतेकांना वेदनाशामक नको होतं. जखम खोल होती, पण तिचा अर्थ होता रणांगणातून जिवंत सुटका. पुढे १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी सांगितलं की वेदनेच्या वाटेवर मज्जारज्जूत एक दार असतं आणि ते किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. भीती, काळजी, एकटेपणा ते दार सताड उघडतात.

जखमेविना दुखणं आणि दुखण्याविना जखम. दोन्ही खरी.

आता आपल्या घरातली शाळेची सकाळ. सोमवारी सातला मुलाचं पोट दुखतं. बेंबीपाशी. रविवारी दुखत नाही, मे महिन्यात दुखत नाही. यावरून घरातले हुशार लोक अनुमान काढतात की पोरगं नाटकी आहे. खरं तर त्याने घरच्यांना पत्ताच दिलेला असतो. सोमवार, सात वाजता, शाळा. वर्गात कोण मारतं, कोण चिडवतं, कुठल्या तासाला हात थरथरतो, एवढंच विचारायचं बाकी असतं.

विचारत नाही आपण. जंताचं औषध देतो.

माझ्या आत्याचं सांगतो. डावा खांदा दोन वर्षं दुखत होता. एक्स-रे झाला, एमआरआय झाला, शेक, मालिश, पट्टा, सगळं झालं. फाईल जाड होत गेली, खांदा तसाच. घरात दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर होतं. ज्या दिवशी दुखण्याची गोळी घेतली, त्या चौकटीत आत्या दुधाच्या आकड्याशेजारी पेनने एक ठिपका द्यायची. गोळ्या किती लागतात ते डॉक्टरांना दाखवायला म्हणून ती एकदा ते कॅलेंडरच पिशवीत घालून घेऊन गेली.

त्या दिवशी खुर्चीत एक तरुण डॉक्टर होती. तिने फाईल बाजूला ठेवली आणि कॅलेंडरची पानं उलटली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. सगळे ठिपके महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ५ तारखेच्या आसपास दाटलेले. "मावशी, दर महिन्याच्या ५ तारखेला घरात काय असतं हो?"

आत्या गप्प झाली. मग रडायला लागली.

५ तारखेला मुलाच्या कर्जाचा हप्ता जायचा. मुलाचा धंदा बसला होता, जामीन आत्या होती आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, यातलं काहीही माहीत नव्हतं. दोन वर्षांत चार डॉक्टर झाले होते. खांदा सगळ्यांनी दाबून पाहिला. तारीख एकीनेच विचारली.

पुढे जादू वगैरे झाली नाही. काकांना सांगितलं, रागराग झाला, मग तिघं मिळून बँकेत गेले. खांद्याचे व्यायाम आणि संध्याकाळचं चालणं सुरू झालं, समुपदेशकाकडे काही फेऱ्या झाल्या. ठिपके विरळ व्हायला पाच महिने लागले. कर्ज अजून आहे.

ही एका आत्याची गोष्ट आहे असं वाटतं का? १९९९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १४ देशांतली १५ केंद्रं, त्यांत आपलं बंगळूरही. नैराश्य असलेल्या १,१४६ रुग्णांपैकी ६९ टक्के लोक डॉक्टरकडे फक्त शारीरिक तक्रार घेऊन आले होते. डोकं, पाठ, पोट, थकवा. "मी खचलोय" असं सांगत कुणी दार उघडत नाही. अंग दुखतंय म्हणून येतात.

आणि अंगासाठीच इंजेक्शन घेऊन जातात. खेड्यात तर सलाईनची बाटली लावली की पेशंटचं समाधान, घरच्यांचं समाधान, दवाखान्याचंही समाधान. बाटली संपते, हप्ता राहतो.

दुसरी वाट आहे का? आहे, आणि ती आपल्या शेजारी चालून पाहिलेली आहे. गोव्यात 'संगथ' या संस्थेने २४ दवाखान्यांत एक प्रयोग केला. निम्मे दवाखाने सरकारी, निम्मे खासगी. अर्ध्या ठिकाणी प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक बसवले. त्यांनी रुग्णाला सांगायचं की हे दुखणं खरं आहे आणि त्याचा ताणाशी संबंध असा आहे. मग श्वास, झोप, अडचणींची उकल, गरज पडली तर औषध. २०१० मध्ये निष्कर्ष आले. सरकारी आरोग्यकेंद्रांत या पद्धतीने जास्त लोक बरे झाले. पुढे विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत असंच काम झालं आणि नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे सहापट वाढलं.

गावातलीच माणसं शिकवून हे जमलं. मग अडलंय कुठे?

अडलंय ते दोन मिनिटांत पेशंट उरकणाऱ्या ओपीडीत. साठ-सत्तर तपासण्यांच्या फुल बॉडी चेकअपमध्येही अडलंय. तिथे रक्तातलं लोखंडसुद्धा मोजतात, पण रात्री किती वाजता जाग येते, हे विचारायला माणूस नसतो. आणि अडलंय आपल्या जिभेवर. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं की आपण म्हणतो, "म्हणजे मी वेडा आहे का?" नैराश्यावरची काही औषधं वेदनेच्या वाटेवरही काम करतात, म्हणून डॉक्टर ती जुनाट दुखण्यावर देतात. चिठ्ठीवरचं नाव इंटरनेटवर शोधून लोक ती गोळी कचऱ्यात टाकतात आणि दुखण्याची गोळी मात्र मेडिकलवाल्याला विचारून वर्षानुवर्षं खातात. ती पोट आणि किडनी पोखरते, तेव्हा रिपोर्ट नॉर्मल राहत नाहीत.

कायदा मागे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना सांगितलं आहे की शारीरिक आजाराला जसं संरक्षण, तसंच मानसिक आजारालाही. समुपदेशकाच्या फीची पावती लावून बघा, म्हणजे कायदा आणि काउंटर यांतलं अंतर कळेल.

तोवर हातात काय आहे? टेली-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन फुकट, दिवसरात्र केव्हाही, आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक फ्रिजवर चिकटवा, दूधवाल्याच्या आणि गॅसवाल्याच्या नंबरशेजारी.

आणि घरातलं कुणी दुखतंय म्हणालं, तर "काही नाही होत" हे तीन शब्द गिळा. कधी दुखतं ते विचारा. कुठल्या वारी, कुठल्या तारखेला, कुणाचा फोन आल्यावर. कॅलेंडरवर ठिपके द्यायला सांगा आणि पुढच्या वेळी फाईलबरोबर ते कॅलेंडरही न्या. डॉक्टर म्हणतील, रिपोर्ट नॉर्मल आहेत. आनंद आहे. मग शांतपणे विचारा, "डॉक्टर, मग दुखतंय ते कशानं?"

उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.