चारित्र्याचा दाखला जोडल्याशिवाय पुरात उतरू नये

नगर जिल्ह्यातल्या माणसाला दुष्काळाचा अनुभव दांडगा. पुराचा तसा नाही. टँकरच्या खेपा कशा मोजायच्या, आणेवारी पन्नास पैशांच्या खाली कशी आणायची, ही विद्या इथे बाळकडूतूनच मिळते. त्यामुळे २०२५ च्या सप्टेंबरात पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जतकडे आभाळ फाटलं आणि जिला आपण एरवी ओढ्यात जमा करतो ती सीनाही पात्र सोडून शेतात आली, तेव्हा सगळ्यांचीच धांदल उडाली. त्या धांदलीत एक गंभीर गैरप्रकार घडला आणि त्याकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही. शेजारच्या वस्तीवरची पोरं ट्रकच्या ट्यूबा आणि विहिरीवरचे दोर घेऊन, कुणालाही न विचारता पाण्यात उतरली आणि त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना, शेरडाकरडांना बाहेर काढलं. एकाचीही पार्श्वभूमी तपासलेली नव्हती!

हे पुन्हा होता कामा नये.

तसं सरकार अगदीच गाफील नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना आहे. देशातल्या ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक तयार करायचे, असा तिचा संकल्प. अटी मात्र फार ढिल्या वाटतात: वय १८ ते ४०, शिक्षण सातवी पास, तब्येत धडधाकट, १२ दिवसांचं प्रशिक्षण. साठीतला एखादा भोई, ज्याला प्रवरेचा प्रत्येक भोवरा नावानिशी माहीत आहे, तो वयात बसत नाही म्हणून बाद होतो. इथवर ठीक आहे. पण सातवी पास झालेल्याचं चारित्र्य काय? त्याची ऐपत काय? त्याची सोयरीक कुठे झाली आहे?

म्हणून आम्ही एक नमुना अर्ज तयार केला आहे. आधार, पॅन, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान. घरी शौचालय असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला. सोसायटीची थकबाकी नसल्याचा बेबाकी दाखला. कारण स्वतःचं पीककर्ज बुडवणारा माणूस बुडत्याला काय वाचवणार? जात हा रकाना आम्ही आधी ठेवला नव्हता, पण रकाना नसला की अर्ज सरकारी वाटत नाही. समाजमाध्यमांवरच्या खात्यांची माहिती पासवर्ड वगळून द्यावी. (पासवर्ड मागितल्यास सहकार्य करावं.) सगळ्यात शेवटी, जागा उरली तर: पोहता येतं का? हा प्रश्न ऐच्छिक ठेवला आहे.

अर्ज आला की बीट अंमलदार वस्तीवर जाऊन शेजाऱ्यांना विचारतील. शेजारी बांधाला बांध असलेलाच असणार, म्हणजे गेली वीस वर्षं मोजणीचा दावा चालू असलेला. त्याच्या मतावरून उमेदवाराचं चारित्र्य ठरेल. दाखला हातात येईपर्यंत पाणी ओसरलेलं असेल आणि पुढच्या पुराला दाखल्याची मुदत संपलेली असेल. पण प्रक्रिया पारदर्शक राहील. इतकी पारदर्शक, की अर्ज जिथून भरला त्या केंद्रातल्या संगणकाच्या ‘डाउनलोड्स’ नावाच्या खणात अख्ख्या तालुक्याची आधार कार्डं, सातबारे आणि वैद्यकीय दाखले वर्षानुवर्षं शेजारी शेजारी नांदतील. निवड झालेल्यांची यादी मोबाइल नंबरांसकट पीडीएफ करून व्हॉट्सअॅपच्या दहा ग्रुपांवर पडेल. मग पुराच्या आधी कर्ज देणाऱ्या अॅपवाल्यांचे फोन येतील.

आता थट्टा बाजूला ठेवून बोलू. आपत्तीत मदतीला येणारा प्रत्येक जण देवमाणूस असतो, असं समजायचं कारण नाही. उघडी पडलेली घरं असतात, गळ्यातलं-कानातलं फडक्यात बांधून घेतलेल्या बायका असतात, निवाऱ्याच्या शाळेत आईबापांपासून चुकलेली पोरं असतात. त्या शाळेत रात्री थांबणारा माणूस कोण, हे विचारलंच पाहिजे. मुलांशी किंवा बायकांशी वाईट वागल्याचा गुन्हा त्याच्या नावावर आहे का, हे पोलिसांनी हो किंवा नाही एवढ्या उत्तरात सांगावं. तेवढ्याला बेबाकी दाखला लागत नाही. आणि पाण्यात उतरणाऱ्याचं विचारायचं तर वेगळंच विचारायला हवं. २३ मे २०२४ ला अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. ती तर शिकलेली, सरावलेली माणसं होती. गावातल्या पोराच्या अंगावर जॅकेट आहे का, त्याचा विमा आहे का, पाण्याचा विसर्ग किती चालू आहे हे त्याला कुणी सांगितलं का, ही पडताळणी आधी करा. त्याची ऐपत नंतर पाहू.

हा घोळ आपल्याकडेच होतो असंही नाही. अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळानंतर रेड क्रॉसच्या मदतीतले पैसे लाटल्याबद्दल बेकर्सफील्डच्या कॉल सेंटरमधल्या अनेकांवर खटले झाले. मग संस्थेनं २००६ मध्ये स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासायला घेतली. संमतीपत्राची भाषा अशी होती, की माणसाची पत आणि त्याची राहणी इथवर खोदकाम करता यावं. वर्षानुवर्षं फुकट राबलेले जुने स्वयंसेवक भडकले. आणि त्याच वर्षी त्याच संस्थेच्या सेंट लुइसकडच्या रक्तपेढी विभागातल्या एका कर्मचाऱ्यानं रक्तदात्यांचे ओळख क्रमांक चोरल्याचं उघड झालं. सह्या दारातल्या माणसांच्या घेतल्या, चोर फाइलींच्या खोलीत होता. आमचं म्हणणं एवढंच आहे: फाइल ज्याच्या कपाटात जाते, त्याचा अर्ज कुणी भरून घेतला?

कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितलं. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि आपली माहिती घेणाऱ्यावर बंधनं घालणारी मुख्य कलमं लागू होणार त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात. तेव्हाही आपत्तीच्या काळात मदत पोहोचवण्यासाठी माहिती वापरायला संमतीची गरज नाही, अशी मुभा सातव्या कलमात आहेच. पुरात गुरं जातात, संसार जातो, संमतीही जाते. मात्र याच कायद्यातलं एक कलम थांबलं नाही. ते नोव्हेंबरातच लगोलग लागू झालं. त्यानं माहिती अधिकारातली खासगी माहितीची सूट रुंद केली. व्यापक जनहित असेल तर माहिती द्या, ही त्या सूटीतलीच सोय काढून टाकली. म्हणजे अर्जदाराच्या माहितीचं रक्षण दीड वर्षानं, साहेबांच्या माहितीचं आजपासून. ज्या जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी माहिती अधिकारासाठी उपोषणं केली, तिथे बसून हे लिहावं लागतं, ही त्यातली खास नगरी चव.

तपासणीची दिशा चुकण्याची आपल्याला सवय आहे. मागे दुष्काळातल्या चारा छावण्यांमध्ये कागदावरची जनावरं फार चरतात, अशी ओरड झाली. २०१९ च्या दुष्काळात उपाय झाला: गाईच्या कानाला बारकोडचा बिल्ला आणि मोबाइलवर रोजची हजेरी. गाय बिचारी तपासणीत पास झाली. तिनं कधी खोटी हजेरी लावलीच नव्हती. याच जिल्ह्याशी नातं सांगणाऱ्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकारी बाईंचे कागद देशातल्या सर्वांत कडक परीक्षेच्या चाळणीतून गेले, नेमणूक झाली, आणि मग ३१ जुलै २०२४ ला लोकसेवा आयोगानं उमेदवारीच रद्द केली. ट्यूब घेऊन उतरणाऱ्या पोराकडून मात्र प्रत्येक कागदाच्या दोन दोन साक्षांकित प्रती.

मदत देणाऱ्याची ओळख पटवण्याची एक बिनखर्चाची पद्धत २०२५ च्या पुरात धाराशिवकडे दिसली होती. मदतीच्या किटवरच नेत्यांचे फोटो छापलेले होते. अर्ज नको, पडताळणी नको; चेहरा थेट साखरेच्या पुड्यासोबत घरात. टीका झाली खरी, पण त्यांच्या खासगीपणाचा भंग झाल्याची तक्रार एकाही नेत्यानं केल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या पावसाळ्याआधी स्वयंसेवक म्हणून नाव जरूर नोंदवा. आधारची झेरॉक्स मागितली तर आधार प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ काढून द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. २०२२ च्या मे महिन्यात प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयानं झेरॉक्स कुणालाही देऊ नका, असं पत्रक काढलं होतं. दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं, पण मास्क्ड आधारची सोय तशीच आहे आणि फुकट आहे. खिडकीवरच्या माणसानं ते नाकारलं तर कोणत्या नियमानं नाकारलं आणि आपला कागद किती दिवसांनी फाडणार, हे त्याच्याकडून लेखी मागा.