दहावी आहे, मैदान सोडा!

दहावीच्या पालकांची वर्षातली पहिली सभा. मुख्याध्यापक उभे राहतात आणि सांगून टाकतात : यंदा दहावीला गॅदरिंग नाही, स्पर्धा नाहीत, सहल नाही, शनिवारीही जादा तास. पालक माना डोलावतात, काही जण टाळ्याही वाजवतात. मला त्या टाळ्यांचा राग येतो. पंधरा वर्षांच्या मुलांकडून खेळ, गाणं, नाटक एका वाक्यात काढून घेतलं जातं आणि मोठी माणसं त्याला शिस्त म्हणतात.

हायस्कुलात इयत्ता चढते तसा मुलांच्या हातातला एकेक उपक्रम गळत जातो. पाचवी-सहावीत सगळंच असतं. कवायत, हस्तकला, वेशभूषा, परिसरभेट, भित्तिपत्रक. आठवीत जादा तास सुरू झाले की पीटीचा तास गणिताला जातो. नववीत ‘पुढच्या वर्षी दहावी आहे’ म्हणून निम्मं बंद, आणि दहावीत दहावी आहे म्हणून सगळंच बंद. हा क्रम उलटा आहे. पाचवीतलं मूल बाईंनी बसवलेला नाच नाचतं. नववीतली मुलगी मात्र नाटक स्वतः बसवू शकते, संघ बांधू शकते, खर्चाचा हिशेब ठेवू शकते, दोन मैत्रिणींचं भांडण मिटवून तालीम पुढे नेऊ शकते. तिला हे सगळं जमू लागतं, नेमकं तेव्हाच आपण तिला बाकावर बसवतो.

हा उतरता जिना सरकारी कागदावरच बांधलेला आहे. 2010 साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात आकारिक मूल्यमापनाचा, म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प अशा गोष्टींचा वाटा पहिली-दुसरीला 70 टक्के ठरला. तिसरी-चौथीला तो 60, पाचवी-सहावीला 50, सातवी-आठवीला 40. नववी-दहावीला बहुतेक विषयांत 80 गुण लेखी आणि उरलेले 20 अंतर्गत. वय वाढतं तशी लेखी परीक्षेची तयारी वाढावी, हे मला मान्य आहे. पण मोठ्या वयात प्रकल्प मोठा व्हायला हवा, प्रयोग अवघड व्हायला हवा. आपण दोन्ही किरकोळ करून टाकले.

बरं, ज्या इयत्तांत 70, 60, 50, 40 टक्के वजन आहे तिथे तरी काय होतं? प्रगतिपुस्तक उघडा. त्यात वर्णनात्मक नोंदींचे रकाने असतात : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना फार चांगली. मूल काय करतं, कशात रमतं, कुठे अडतं हे त्याच्या शिक्षकाने आपल्या शब्दांत लिहायचं. एका ओळखीच्या घरी सातवीतल्या मुलीचं प्रगतिपुस्तक पाहायला मिळालं. विशेष प्रगतीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘शालेय उपक्रमांत उत्साहाने सहभागी होतो.’ मुलगी, आणि ‘होतो’! शेजारच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात तेच वाक्य, त्याच जागी. अशा नोंदींच्या तयार याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. सत्र संपत आलं की त्या उघडायच्या आणि वाक्यं उतरवून काढायची. ही मुलगी सुट्टीत मातीचे बैल करते, त्यांच्या पायांचे सांधे हलतील अशी तार घालते. तिच्या शिक्षकांनी ते पाहिलेलंही असेल. पण प्रगतिपुस्तकात त्या बैलांचा उल्लेख नाही.

यासाठी मी एकट्या शिक्षकाला धारेवर धरणार नाही. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचे हिशेब आणि साठ-साठ मुलांचे वर्ग. मूळ दुखणं असं की, ती नोंद पुढे कोणी वाचतच नाही. आठवीतल्या बाईंनी मनापासून लिहिलं तरी नववीचे वर्गशिक्षक ते उघडून पाहत नाहीत. दरवर्षी जूनमध्ये मूल नव्याने अनोळखी होतं. आणि नोंद करण्याजोगे उपक्रम घेणारी माणसं तरी कुठे आहेत? शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असलेल्या शाळेला कला, क्रीडा आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक द्यायला सांगितलं. किती शाळांत ते वर्षभर टिकून असतात, हे ज्याने त्याने आपल्या गावात जाऊन विचारावं. नववी-दहावीला तर हा कायदा लागूच नाही.

प्रगतिपुस्तकातल्या नोंदींची खरी किंमत 2021 साली कळली. कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली. निकाल तर लावायचा होता. सूत्र ठरलं : नववीच्या निकालाला 50 गुण, दहावीच्या वर्षातल्या अंतर्गत लेखी कामाला 30, तोंडी-प्रात्यक्षिकाला 20. निकाल लागला 99.95 टक्के. आठ-आठ वर्षं भरलेल्या त्या वर्णनात्मक नोंदी, उपक्रमांच्या वह्या, प्रकल्पांच्या फायली यांची त्या घडीला कोणाला आठवणही झाली नाही. मुलाबद्दल दुसरं काही सांगता येईल असा एकच मोठा प्रसंग आला, आणि तेव्हाही आपण नववीच्या गुणांवर रेलून बसलो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यातली भिंत पाडायला सांगितलं आहे. त्यापायी नवी, जास्त रकान्यांची प्रगतिपत्रकं येतील. रकाने वाढवण्याआधी ते वाचणारा माणूस नेमा.

त्याआधीचा एक दाखला याहून बोलका आहे. मार्च 2019 च्या दहावीला भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे 20 गुण काढून टाकले. आदल्या वर्षी 89.41 टक्के लागलेला निकाल 77.10 वर आला. राज्यभर ओरड झाली, गुण परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के. या सगळ्या गदारोळात मी एका प्रश्नाची वाट पाहत होतो : त्या 20 गुणांसाठी मुलं कधी तोंड उघडून बोलत होती का? तोंडी परीक्षा म्हणजे मुलाने उभं राहून एखाद्या विषयावर चार मिनिटं आपलं म्हणणं मांडायचं, दुसऱ्याचं ऐकून त्याला उत्तर द्यायचं. अनेक शाळांत ती एका तासात अख्ख्या वर्गाची ‘उरकली’ जाते आणि सगळ्यांना अठरा, एकोणीस, वीस. मुलाखतीत आपल्या मुलांची बोबडी वळते म्हणून पुढे हळहळणारे आपणच. हे गुण असावेत, जरूर असावेत. पण ते बोलण्याचे असावेत. शाळेचा निकाल वर ढकलायला त्यांचा टेकू नको.

दहावीत श्रेणीचे विषयही आहेत. आरोग्य व शारीरिक शिक्षण, जलसुरक्षा, स्व-विकास व कलारसास्वाद. नावं वाचून माझं मन भरून येतं, खरंच. पंधराव्या वर्षी यापेक्षा चांगलं काय शिकावं? पण जानेवारीत एके दिवशी वर्गात फिरून श्रेणी भरल्या जातात. शाळेच्या टाकीतून दिवसाला किती पाणी गळतं हे मुलांनी बादली लावून मोजलं, असं एका तरी शाळेने मला दाखवावं. मी पदरचे पैसे खर्चून बघायला येईन.

जे गुण मिळवून देतं ते तेवढं टिकतं. इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळाली तर दहावीत 7 गुण, बी ला 5, सी ला 3. त्यामुळे एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे वर्ग भरलेले असतात. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असं सगळं घोटून घेतलं जातं. हे गुण मिळू नयेत असं मी म्हणत नाही. कित्येक गावांत चित्रकलेचे शिक्षक या परीक्षेमुळेच टिकले आहेत. पण परीक्षा झाली की रंगपेटी माळ्यावर जाते. एखादा उपक्रम जाहीर केला की वर्गातला पहिला प्रश्न असतो, ‘सर, याचे मार्क किती?’ हा प्रश्न मुलांना आपणच शिकवला. त्याचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडू नका.

मैदानावर तर आणखी वाईट. शालेय क्रीडा स्पर्धांत चौदा वर्षांखालचा गट असतो, तसा सतरा वर्षांखालचाही असतो. नववी-दहावीची मुलं या दुसऱ्या गटातली. अंगात ताकद आलेली, खेळाची समज आलेली, खेळ खुलण्याचं हेच वय. एका तालुक्याच्या गावी मी खो-खोचा सराव पाहत होतो. नववीतली एक मुलगी खांबाला एका हाताने धरून अशी झेपावायची की पळणारीचा खांदा तिच्या बोटांना लागलाच म्हणून समजा. खो देताना आवाज खणखणीत, गुडघ्यावर जुन्या-नव्या खरचटल्याच्या खुणा. पुढच्या जुलैत तीच मुलगी खिडकीशेजारच्या बाकावर होती. आठवीच्या मुली बाहेर चुकीच्या दिशेने वळत होत्या आणि ती आतून हाताने खुणा करत होती. तास होता विज्ञानाचा, जादा. तिच्या सरांना मी विचारलं. म्हणाले, ‘घरच्यांनीच लिहून दिलंय, दहावी आहे.’

स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. 2009 साली वडिलांनी त्याला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं तेव्हा तो तेरा-चौदा वर्षांचा होता. 2024 मध्ये त्याने पॅरिसहून पन्नास मीटर रायफलमध्ये ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं आणि राज्यभर फलक लागले. त्याच वयाच्या आपल्या मुलांना आपण मैदानातून उठवतो. प्रत्येक मूल ऑलिंपिकला जाणार नाही, जायची गरजही नाही. पण वर्षभर एका जागी बसवलेलं पंधरा वर्षांचं शरीर गणितही नीट करत नाही, हे कोणत्याही आईला ठाऊक असतं.

अनेक मुलींचं मैदान तर सातवी-आठवीतच सुटतं. सरावानंतर अंधार पडतो, एसटी निघून जाते, मैदानाजवळ कपडे बदलायला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत जायचं कुठे. ‘मुलींना आवडच नसते’ असं म्हणणाऱ्या क्रीडाशिक्षकांनी आधी त्या आडोशाचं बघावं.

आणि अभ्यासात मागे असलेलं मूल? त्याचा विचार कोणी करत नाही म्हणून मी आवाज चढवून लिहितो आहे. असा मुलगा गॅदरिंगला पडदा ओढतो, ध्वनिक्षेपक जोडतो, संचलनात ढोल वाजवतो, सहलीत सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून आणतो. शाळेत यायला त्याच्यापाशी तेवढंच कारण असतं. ते नववीत काढून घेतलं की तो मागच्या बाकावर जातो, मग गैरहजर राहू लागतो. मग शंभर टक्के निकालाच्या फलकाला तो अडचणीचा वाटतो. नववीतच नापास करून त्याला 17 नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसण्याचा, फॉर्म भरायला सांगणाऱ्या शाळा आहेत. असा शंभर टक्के निकाल मला खोटा वाटतो.

‘मग दहावीला अभ्यास करायचाच नाही का?’ करायचा, भरपूर करायचा. वेळ खरोखरच कमी आहे. 2024 मध्ये परीक्षा 1 मार्चला सुरू झाली, 2025 मध्ये 21 फेब्रुवारीला. प्रीलिम आणि गॅदरिंग एकमेकांवर येतात, हे मी नाकारत नाही. म्हणून दहावीच्या मुलांनी तीन आठवडे नाचाच्या तालमी कराव्यात असं माझं म्हणणं नाही. पाचवी-सहावीने सगळं करून पाहावं, सातवी-आठवीने एखादी गोष्ट धरून ठेवावी आणि नववी-दहावीने शाळा चालवायला हात लावावा. दहावीच्या मुलाने आठवीचा संघ तयार करावा. गॅदरिंगचं सूत्रसंचालन, जमाखर्च, ग्रंथालयातली पुस्तकांची देवघेव, विज्ञान प्रदर्शनात धाकट्यांच्या प्रकल्पावर प्रश्न विचारणं, हे आठवड्याच्या दोन तासांत बसतं. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावीसाठी आहे तशी नववीसाठीही आहे, आणि तिच्यात प्रात्यक्षिक आहे, प्रकल्प आहे. नववीतली मुलं ते करून दाखवतात, तर बाकीच्यांना एक साधा प्रकल्प झेपणार नाही, हे ठरवलं कोणी?

पालकांना माझं एकच सांगणं आहे. पुढच्या सभेत ‘यंदा काही नाही’ असं जाहीर झालं की टाळ्या वाजवू नका. उठून विचारा : पीटीचे तास वेळापत्रकात आहेत, ते कोण घेतं? शनिवारचे दोन तास मैदानाला देणार का? आमच्या मुलाचं आठवीचं प्रगतिपुस्तक तुम्ही वाचलं आहे का? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. मुख्याध्यापकांनाही वरून निकालाचाच जाब विचारला जातो. पालकांकडून हा दुसरा जाब आला तर त्यांनाही वर सांगायला काहीतरी मिळेल. आणि घरून ‘दहावी आहे’ म्हणून चिठ्ठी लिहून देणार असाल, तर ती देण्याआधी मुलीला एकदा विचारा की तिला खेळायचं आहे का.