एक आर कमी पडला

नवा माणूस भेटला की आपण त्याचं नाव विचारतो, गाव विचारतो. स्पेलिंगकाका स्पेलिंग विचारतात. हे गृहस्थ तुमच्याही ओळखीत असणारच. तुम्ही सांगेपर्यंत त्यांनी त्या अक्षरांतून चार-पाच इंग्रजी शब्द काढलेले असतात आणि त्यातला एक तरी पाहुण्यासमोर उच्चारू नये असा असतो. परवा एका लग्नात त्यांनी रमेश नावाच्या भल्या माणसाला गाठलं. ‘आर, ए, एम, ई, एस, एच,’ तो बिचारा म्हणाला. काका उजळले. ‘शेम आहे बघा यात! आणि सगळीच्या सगळी अक्षरं वापरलीत तर हॅरेम्स. म्हणजे जनानखाने. एक नाही, अनेक.’ शेजारी रमेशची बायको जिलबी खात होती. तिने जिलबी खाली ठेवली.

वापी स्टेशनवरून सिल्वासाला काकांबरोबर शेअर रिक्षाने येणं हा स्वतंत्र भोग आहे. रस्त्यावर तीन ठिकाणच्या नंबरप्लेटी धावत असतात आणि प्रत्येक पाटीतली अक्षरं ज्यात येतील असा शब्द शोधायचा, हा त्यांचा नेम. गुजरातचं ‘जी-जे’ दिसलं की ‘जज!’ आमचं जुनं ‘डी-एन’ म्हणजे ‘एंड’, ‘विंड’, ‘इंडिया’, हवं ते. 26 जानेवारी 2020 रोजी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले, पाट्यांवर ‘डी-डी’ आलं आणि काकांना सुतक आलं. ‘डी-डीत काय राहिलंय? ॲड, ऑड, नाहीतर पुडिंग!’ शिवाय नंबरप्लेटच्या मालिकेत आय आणि ओ ही अक्षरं देत नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून. काकांच्या मते हा स्वरांवरचा अन्याय आहे. तो ते रिक्षावाल्याला समजावून सांगतात. रिक्षावाला हॉर्न वाजवतो.

मग दादरा येतं. वनगंगा तलावाच्या अलीकडेच काका माझा गुडघा दाबतात. ‘अरे, एक आर कमी पडला बघ! एक डी जास्त झाला आणि एक आर कमी पडला, नाहीतर दादऱ्याचं रडार झालं असतं. उलटं वाच, सुलटं वाच, रडारच!’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते वाक्य रिक्षावालाच पूर्ण करतो. मुक्तिदिनाच्या कार्यक्रमालाही काकांनी ते सोडलं नाही. वक्ता रंगात येऊन सांगत होता, 22 जुलै 1954 ला दादरा कसं सुटलं, पुढे 2 ऑगस्टला सिल्वासा कसं घेतलं, त्यात आपले सुधीर फडके कसे होते. काका माझ्या कानात म्हणाले, ‘पोर्तुगिजांना आधी कळलं असतं रे. पण रडार नव्हतं. एक आर कमी पडला म्हणून दादरा सुटलं.’ मी हसलो आणि पुढच्या रांगेने वळून पाहिलं. शरम माझ्या वाट्याला आली.

नरोलीत त्यांना लायनही सापडतो आणि लायरही. समोरचा नरोलीकर पाहून ते शब्द निवडतात. खानवेलमध्ये हेवन आहे, म्हणजे आसरा. वापीत व्हीआयपी आहे, वर एक ए शिल्लक. पण खरी मेजवानी सिल्वासा. लाळ त्यात आहे, लस्सी त्यात आहे, व्हिसा आहे, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ‘व्हॅसल्स’, मांडलिक! ‘1783 मध्ये पेशव्यांनी नगर हवेली पोर्तुगिजांना दिली, तेव्हा कुणी स्पेलिंग पाहिलं नाही,’ असं ते गंभीरपणे म्हणतात. आठांपैकी सात अक्षरं मांडलिकांत जातात, उरतो एक आय. सगळे मांडलिक आणि एक मी. आम्हाला अजून विधानसभा नाही, त्यामुळे हा आय कोण यावर चहाच्या टपरीवर बोलणारे बोलतात. काका बोलत नाहीत. त्यांना अक्षरं पुरतात.

स्क्रॅबल काढणारा आल्फ्रेड बट्स हा त्यांचा देव. अमेरिकेतल्या मंदीत नोकरी गेलेला वास्तुविशारद, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजत बसला आणि कुठलं किती ठेवायचं ते त्याने ठरवलं. ई बारा, एस फक्त चार. ‘पिशवीत चार एस, आणि त्यातले तीन आपल्या एका सिल्वासाने खाल्ले!’ काकांची छाती फुगते.

काका सूत गिरणीत डिस्पॅचला होते. खोक्यांवर ‘डीटीवाय’ छापलेलं असायचं, त्याचं दिवसभर डर्टी, ड्यूटी, डस्टी चाले. एकदा हेड ऑफिसचे साहेब आले आणि ट्रक का अडकला ते इंग्रजीत विचारू लागले. हजारो इंग्रजी शब्दांचा हा धनी मान खाली घालून उभा. शाळा मराठी, एबीसी पाचवीत. शेवटी एका नव्या पोराने दोन वाक्यांत उत्तर दिलं, आणि पुढे खुर्चीही त्यालाच मिळाली. संध्याकाळी काका मला म्हणाले, ‘साहेब डिले डिले करत होते. मला त्यात डील दिसत होतं, लीड दिसत होतं, लेडीसुद्धा. उत्तर तेवढं दिसलं नाही.’

त्या दिवशी त्यांनी माझं स्पेलिंग काढलं नाही. मला ते बरं वाटायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली, आधी सांगितली असती तर तुम्ही लगेच त्यांची बाजू घेतली असती. पॅकिंगमधल्या एका वारली पोराला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. काकांनी त्याला खोक्यांवरच्या छापावरून ती शिकवली, जेवणाच्या सुट्टीत, याच खेळातून. आज तो पोरगा बिल्टी स्वतः वाचतो, चूक असेल तर ड्रायव्हरला परत पाठवतो. काकांना भेटला की आधी तोच विचारतो, ‘काका, नवीन काय निघालं?’

तेव्हा वापीहून येताना कुणी वयस्क गृहस्थ शेजारी बसला आणि त्याने तुमचं स्पेलिंग विचारलं, तर सांगून टाका. फक्त मोबाइल खिशातच राहू द्या. अक्षरं टाकली की क्षणात शब्दांची यादी देणारं यंत्र त्यात आहे, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.