ड्रॅगनच्या जेवणाचं कोण बघतंय?

ड्रॅगनला पाय दोन की चार, हा प्रश्न कोल्हापुरात अजून निकाली निघालेला नाही. दोन पाय आणि पंख असतील तर तो वायव्हर्न, चार पाय असतील तरच अस्सल ड्रॅगन, असं शास्त्र कट्ट्यावर इंजिनिअरिंगच्या एका पोरानं मांडलं. तालमीतल्या आप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पायाचं ऱ्हाऊ दे लेका. रोज बकरी किती लागत्यात, ते सांग."

'गेम ऑफ थ्रोन्स' ही ड्रॅगनवाली मालिका 2019 ला संपली, पण भांडण संपलं नाही. सातव्या पर्वात भिंतीपलीकडं अडकलेल्यांचा निरोप घेऊन डोमकावळा ड्रॅगनस्टोनला पोचतो आणि राणी डेनेरिस ड्रॅगनवर बसून मदतीला हजर होते, तेही एकाच भागात! एवढ्या वेळात आमच्याकडं मटण शिजत नाही. जगभरचे चाहते यावर नकाशे काढून वेगाची गणितं मांडत बसले. कोल्हापूरकराला वेगाशी देणंघेणं नाही. उडतोय म्हणजे उडतोय. त्याला पोसतंय कोण, एवढंच बोला.

ही चौकशी उगाच येत नाही. संस्थानच्या काळात इथं शिकारीचे चित्ते पाळलेले होते आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवानही. पुढं 1932 ला प्रभातनं इथंच 'माया मच्छिंद्र' काढला, तेव्हा स्त्रीराज्याच्या राणीच्या भूमिकेत दुर्गा खोटे यांच्यासोबत पडद्यावर चित्ता होता. संगणकावर रंगवलेला नव्हे, दात असलेला. अशा गावाला हिरव्या पडद्यापुढं उभं राहून केलेल्या डरकाळीचं काय कौतुक?

कथेच्या तर्काचं म्हणाल, तर त्यातही आमचा हात धरणारं कोणी नाही. कोल्हासुर मरताना वर मागतो आणि अख्ख्या शहराला स्वतःचं नाव लावून घेतो. खलनायकाचा असा शेवट लिहिला असता तर कुठल्याही निर्मात्यानं लेखकाला दार दाखवलं असतं. पुढचा भाग तर अजून जबर. कामाक्ष नावाच्या असुरानं योगदंड फिरवून देवांच्या शेळ्यामेंढ्या केल्या. त्र्यंबोलीनं त्याला मारून सगळ्यांना सोडवलं आणि विजयाच्या सोहळ्याला नेमकं तिलाच बोलवायचं राहिलं! ती रुसून, पाठ फिरवून टेकडीवर जाऊन बसली. म्हणून ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिच्या भेटीला टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कोहळा फुटतो आणि त्याच्या फोडीसाठी झुंबड उडते.

राणी डेनेरिस शेवटी एकाएकी बिथरून शहर का जाळते, यावर परदेशात चाहत्यांनी पटकथा फिरवून लिहा म्हणून अर्ज केला. आप्पांनी निकाल एका वाक्यात दिला, "कुणीतरी जेवायला बोलवायचं इसरलं असणार."

सात राज्यं, घराणी, निशाणं हे सगळं समजावून सांगायला इतर गावांत तक्ते लागतात म्हणे. इथं शाहू स्टेडियमवर शिवाजी आणि पाटाकडील या संघांचा फुटबॉल सामना एकदा दाखवला की पुरे.

लेखक मार्टिनसाहेबांनी पाचवं पुस्तक 2011 ला दिलं, सहाव्याची वाट बघून लोक म्हातारे होत चाललेत. चाहते चिडतात, शिव्या घालतात. कोल्हापूरकर मात्र चिडत नाही, त्याला सवय आहे. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनला 2013 ला मंजुरी मिळाली, पाणी आलं 2023 च्या दिवाळीत. हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी वकिलांच्या पिढ्या झिजल्या, ते 2025 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. साहेबांनी कृती समिती स्थापन करून बिंदू चौकात धरणं धरावं, एवढाच आमचा सल्ला.

राहता राहिली हद्द. 1972 ला महापालिका झाली, तेव्हापासून शहराची वेस तसूभर सरकलेली नाही. थ्रोन्समधली बर्फाची भिंतसुद्धा सातव्या पर्वाच्या शेवटी पडली. आमची वेस पडायला ड्रॅगनच आणावा लागणार, असं इंजिनिअर पोरगं म्हणालं. त्यावर कट्ट्यावर खरा वाद पेटला. समजा तो उतरला, तोंड शहरात आणि शेपटी पाचगावात, तर बंब कुणी पाठवायचा? आग तोंडातून येते म्हणून महापालिकेनं, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणाला, बूड जिथं टेकलंय तिथल्या ग्रामपंचायतीनं. आप्पा म्हणाले, "आधी घरफाळा कुठं भरतोय बघा."