शेजारची बाळंतीण कशी शोधावी?

नवशिक्या आयांसाठी सचित्र मार्गदर्शिका (जागेअभावी चित्रं गाळली आहेत)

ही मार्गदर्शिका कोणासाठी

ज्यांच्या घरात या क्षणी किमान तीन माणसं बाळाच्या रडण्याचं कारण सांगताहेत आणि तिन्ही कारणं वेगवेगळी आहेत, अशा बायकांसाठी. अंगावर पाजणं नैसर्गिक असतं, असं तुम्हाला सांगितलं गेलं असेलच. खरं आहे. चालणंही नैसर्गिकच असतं. तरी ते शिकायला वर्ष जातं आणि धरायला कोणाचं तरी बोट लागतं. ते बोट कुठे मिळतं, एवढंच इथे सांगितलं आहे.

साहित्य

बाळ: एक. (जुळी असल्यास साहित्य दुप्पट, झोप निम्मी.)

पुढून उघडणारा गाऊन: एक. सुंदर नसला तरी चालेल, नसतोच.

ओढणी: एक. ऊन, उलटी, ढेकर आणि चुलतसासूबाईंची नजर अशा चारही कामांना.

पाण्याची बाटली: भरलेली. पाजायला बसलं की तहान लागते आणि तेव्हाच बाटली स्वयंपाकघरात असते.

अळिवाचे लाडू: घरात आहेतच. कुठून आले ते विचारू नका.

लाज: चवीपुरती.

पायरी १: सल्लागार आणि सोबतीण यांतला फरक ओळखा

सल्लागार मुबलक असतात, बारमाही मिळतात आणि घरपोच येतात. त्यांचं वाक्य ‘आमच्या वेळी’पासून सुरू होतं. ‘आमच्या वेळी मध चाटवायचे’, ‘आमच्या वेळी गुटी द्यायचे’, ‘उन्हाळा आहे, दोन चमचे पाणी पाज.’ पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, पाणीही नाही, आणि वर्षाच्या आत मध धोक्याचा असतो, हे त्यांना सांगून बघा. उत्तर येईल, ‘तुझा नवरा मधावरच वाढला.’ नवऱ्याकडे बघा आणि गप्प बसा.

‘दूध पुरत नसेल, डब्याचं सुरू कर’ हा सल्ला साधारण तिसऱ्या दिवशी येतो. १९९२च्या कायद्याने आपल्याकडे बाळदुधाच्या डब्याची जाहिरात करायला बंदी आहे. आत्याबाई या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत.

सोबतिणीचं वाक्य ‘काल रात्री’पासून सुरू होतं. ‘काल रात्री आमचा दर तासाला उठला गं.’ हीच तिची खूण. तिचं बाळ तुमच्या बाळापेक्षा थोडंच मोठं असतं, चार आठवड्यांनी किंवा चार महिन्यांनी. ज्या बाईचं मूल शाळेत जातं तिला घेऊ नका. ती सगळं विसरलेली असते आणि सगळं छान झालं एवढंच तिच्या लक्षात राहिलेलं असतं.

पायरी २: वेळ साधा

सर्वोत्तम मुहूर्त डोहाळजेवणाचा. तिथे कोपऱ्यात पदर घेऊन पाजत बसलेली एखादी लेकुरवाळी असते. सगळ्या तुमच्याभोवती असताना तुम्ही तिच्याजवळ जाऊन बसा. पेढा की बर्फी, हा निकाल नंतर लागला तरी चालतो.

तो मुहूर्त हुकला तर पुढची अडचण सव्वा महिन्याची. सोबतीची गरज सगळ्यात जास्त असते ती पहिल्या सहा आठवड्यांत, आणि तेव्हाच बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नसतो. तुम्ही बाहेर जाऊ शकत नसाल, तर तिला आत आणा. बारशाला ‘लहान बाळवाली कोणी असेल तर आवर्जून घेऊन या’ असं आईला सांगून ठेवा. आई यादी करतेच. तीत वय वर्षे साठच्या वरच्यांचा भरणा होणार नाही, एवढं पाहा.

सूचना: बहुतेकींना हा शोध दोनदा घ्यावा लागतो. एकदा माहेरी, आणि डोंबिवलीच्या माहेराहून नाशिकच्या सासरी गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

पायरी ३: योग्य जागी शोधा

*दवाखाना.* १९८९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने प्रसूतिगृहांसाठी दहा पायऱ्या आखून दिल्या. दहावी पायरी अशी, की आयांचे आधारगट उभे राहायला मदत करा आणि घरी जाताना आईला त्यांच्याकडे पाठवा. म्हणून डिस्चार्जच्या वेळी आवर्जून विचारा, ‘आमच्या भागात असा गट आहे का?’ उत्तर मिळालं तर लिहून घ्या. बिल मिळालं तर तेही घ्या. १ ते ७ ऑगस्ट हा स्तनपान सप्ताह असतो, त्या दिवसांत उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. बाळं मात्र उरलेल्या ५१ आठवड्यांतही जन्मत असतात.

*लसीकरणाची रांग.* ही खरी खाण. लशी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या असतात, त्यामुळे रांगेतली बरीच बाळं आपोआप एका वयाची निघतात आणि त्यांच्या आया एकाच अवस्थेतल्या. शिवाय सव्वा महिना नुकताच संपलेला असतो, पहिल्यांदा घराबाहेर पडलेली बाई बोलायला आसुसलेली असते, आणि रांग पुढे सरकत नसते. याहून सोयीची व्यवस्था ठरवूनही करता आली नसती. टोचून झाल्यावर बाळ रडतं तेव्हा सगळ्या एकदम पाजायला बसतात. ओळख तिथे करून घ्या.

*अंगणवाडी.* ‘ती आपल्यासाठी नसते’ हा समज सोसायटीच्या गेटच्या आत घट्ट आहे. एकदा जाऊन बघा. सेविकेला वस्तीतल्या प्रत्येक तान्ह्या बाळाचा जन्मदिवस माहीत असतो. कोणाचं बाळ तुमच्या बाळाच्या आठवड्यातलं, ते ती वही न उघडता सांगते. गावी असाल तर आशाताई स्वतःच दारात येते. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा फेऱ्या. तिलाही हाच प्रश्न विचारा.

*एसटी स्टँडवरचा हिरकणी कक्ष.* प्रवासात उपयोगी. आत दुसरी कोणी असेल तर गाडी लागेपर्यंतची सोबत पक्की. रायगडचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या हिरकणीचं नाव त्याला दिलं आहे. त्या गोष्टीतलं धाडस सगळे सांगतात. त्या रात्री घरी बाळाजवळ बसायला एखादी शेजारीण असती तर कडा उतरायची घाई पडली नसती, हे कोणी सांगत नाही. आपण तिच्या धाडसाचं कौतुक करावं आणि शेजारणीची सोय करावी.

*सोसायटीचं गेट.* इथे जरा थांबा. सातव्या मजल्यावर तुम्ही उशा रचून, मोबाइल टेकवून, लॅच कसं जमवावं याचे व्हिडिओ बघत असता, त्या वेळी खाली वॉचमनची बायको एका हाताने भाजी निवडत दुसऱ्या हातावर बाळ धरून पाजत असते. तिचं दुसरं किंवा तिसरं असतं. अख्ख्या इमारतीत ताज्या अनुभवाची बाई तीच, आणि तिला विचारायचं कोणाच्याही मनात येत नाही. खाली जा. शेजारी बसा. ती आधी ‘म्याडम’ म्हणून उठायला लागेल. तिला उठू देऊ नका. ‘ताई’वर आली की बोलणं सुरू झालं असं समजा.

आता दुसरी बाजू. तुम्ही पगारी नोकरीत असाल तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा मिळते. तिला एक दिवसाचीही नाही. म्हणून ही सोबत एकतर्फी ठेवू नका. पहिल्या बाळंतपणाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात. तिच्या धाकट्या जावेचं पहिलं बाळंतपण असेल तर फॉर्म भरायला, बँकेचं आणि आधारचं नाव जुळवायला तुम्ही बसा. जुने कपडे देऊन भागवू नका. ती देणगी झाली, सोबत नव्हे.

पायरी ४: पहिलं वाक्य

‘वजन किती?’ हे म्हणू नये. त्यातून स्पर्धा सुरू होते आणि ती कोणीच जिंकत नाही. ‘अजून उपडं पडत नाही?’ हेही नको. ‘नॉर्मल की सिझेरियन?’ हा प्रश्न बाकीचे विचारून गेलेले असतात.

योग्य वाक्यात आपली फजिती आधी सांगितलेली असते. ‘माझी संध्याकाळी सहापासून नुसती चिकटून असते, सोडतच नाही. तुमचं?’ समोरचीचा चेहरा उजळेल. संध्याकाळी बाळ पुन्हा पुन्हा पितं ते दूध आटल्यामुळे असं नव्हे, पुष्कळ बाळं तशीच पितात, हे तिलाही कोणीतरी सांगायला हवं असतं. दोघींनी एकमेकींना सांगावं.

पायरी ५: प्रत्यक्ष कृती

गट मोठा असावा लागत नाही. १९५६ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यात एका सहलीत दोघी जणी झाडाखाली बाळांना पाजत बसल्या होत्या. इतर आया येऊन विचारू लागल्या, की तुम्हाला हे जमतं कसं? त्यातून सात जणींनी ‘ला लेचे लीग’ सुरू केली आणि ती जगभर पसरली. तुमच्या पार्किंगमध्ये झाड नसेल तर खुर्च्या टाका.

जमल्यावर भाषण करू नये. बघावं. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं आहे, हनुवटी स्तनाला टेकली आहे, बोंडाभोवतीचा काळा भाग वर जास्त आणि खाली कमी दिसतो आहे, हे दुसरीच्या मांडीवर पाहिलं की आपल्या मांडीवर जमायला लागतं. घरात कोणी मोठ्याने ‘दूध कमी पडतंय’ म्हणालं, तर सोबतिणीने हिशेब विचारावा. पहिला आठवडा सरल्यावर दिवसरात्रीत सहा किंवा जास्त लंगोट ओले होतात का? वजन वाढतंय का? होत असेल तर दूध पुरतंय. बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं; हे गणित लाडूंना माहीत नसतं.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून जी वरचं दूध देते, तिच्याकडे बघून कोणी भुवया उंचावल्या तर त्या बाईला पुढच्या बैठकीला बोलावू नये.

धोक्याच्या सूचना

सोबतीण डॉक्टर नसते, आणि चांगल्या सोबतिणीला ते ठाऊक असतं. स्तन लाल, टणक, दुखरा होऊन ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. पाजणं बहुतेक वेळा चालूच ठेवायचं असतं. बाळ मलूल आहे, पिण्यासाठीही उठत नाही, लघवी कमी होते, दोन आठवडे उलटूनही जन्माच्या वजनावर आलं नाही, तर गप्पा थांबवा, रिक्षा बोलवा. आई दोन आठवड्यांहून जास्त दिवस रडते आहे, बाळाकडे बघवत नाही म्हणते, तर तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा.

मैत्री कितीही घट्ट झाली तरी परस्पर एकमेकींची बाळं पाजू नयेत. दूध जास्त येत असेल तर ते दूधपेढीला द्यावं. १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. तिथे दूध तपासून, पाश्चराइझ करून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिलं जातं. ज्या बाईचं तोंडही कधी पाहिलेलं नाही तिची ही सोबत.

देखभाल

रजा संपताना गट मोडतो. तो मोडू नये म्हणून कामावर जाणाऱ्यांनी आधी माहिती वाटून घ्यावी. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी कामाच्या वेळात दोन जादा सुट्ट्या मिळण्याचा हक्क १९६१च्या कायद्याने दिला; पन्नास किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत पाळणाघर हवं, असं २०१७च्या दुरुस्तीने ठरवलं. साहेबांना हे एकटीने सांगायला भीती वाटते. दोघींनी सांगितलं की त्यांना वाटते.

स्वाध्याय

रात्री दोन वाजता नव्या आईचा मेसेज येतो: ‘दूध पुरत नाही बहुतेक. हा नुसता रडतोय. मीपण.’ योग्य उत्तर निवडा.

(अ) अळिवाचे लाडू खा.

(आ) आमच्या वेळी असं काही नव्हतं.

(इ) सरळ डबा आण, सुटशील.

(ई) आज लंगोट किती ओले झाले? मी जागीच आहे, फोन कर.

उत्तर: (ई), पैकीच्या पैकी गुण. (अ)ला अर्धा गुण, लाडू स्वतः वळून नेऊन दिले असल्यास.