मला काही होत नाही!

'मला काही होत नाही' म्हणणारा एक तरी गृहस्थ तुमच्या ओळखीत असणारच, तेव्हा त्याचं वर्णन करत बसत नाही. आमचे गृहस्थ परवा हे वाक्य बोलता बोलता खुर्ची सोडून तिच्या शेजारी बसले. त्यांना घरी पोचवल्यापासून मला सारखा केरेरू आठवतोय.

केरेरू म्हणजे न्यूझीलंडचं रानकबूतर. आपल्या हरियालासारखाच झाडांवर पोट भरणारा, पण वजन साडेसहाशे ग्रॅमच्या घरात. गळा हिरवा-जांभळा, चकचकीत, आणि पोटावर पांढरंशुभ्र बनियन. बँकेतून निवृत्त झाल्यासारखा दिसतो.

उन्हाळा सरताना तिकडच्या उत्तर भागात पेरू पिकतात, आंबतात, यीस्ट त्यातल्या साखरेची दारू करून ठेवतं. महाशय एक गिळतात. मला काही होत नाही. दुसरा गिळतात. गळ्यातली पिशवी तट्ट फुगते. मला काही होत नाही. मग ऊन खात फांदीवर बसतात, डोळे जडावतात, आणि धप्प! जमिनीवरही चेहऱ्यावर तोच भाव. लोक उचलून पक्ष्यांच्या दवाखान्यात नेतात, उतरेपर्यंत सांभाळतात. खर्च अर्थातच दुसऱ्याचा. (परवाची रिक्षाही मीच केली होती.)

अमेरिकेतले वॅक्सविंगही आंबलेली फळं खाऊन काचांवर आपटतात, पण ते थव्याने. त्यात व्यक्तिमत्त्व नाही.

'फॉरेस्ट अँड बर्ड' या तिथल्या संस्थेच्या मतदानात 2018 साली 'वर्षाचा पक्षी' म्हणून हाच निवडून आला. पिऊन पडणारा उमेदवार निवडून येतो याचं आपल्याला तरी नवल वाटू नये.

मत देणारे मात्र चुकले नाहीत, हे नाइलाजाने कबूल करतो. तिथले थोराड मोआ पक्षी नामशेष झाले; आता कराका, तारायरे यांची मोठाली फळं अख्खी गिळून बिया रानभर पेरणारा हा एवढाच उरलाय. याची हाव आटली तर त्या झाडांची पोरं आईच्या सावलीतच खुरटायची. आणि मादी एका वेळी अंडं घालते एकच. तेही बाहेरून आणलेले उंदीर, स्टोट, पॉसम पळवतात.

तेव्हा तिकडे गेलात आणि झाडाखाली असा कोणी बसलेला दिसला, तर आधी पोटभर हसून घ्या. मग त्याला अलगद खोक्यात ठेवा, झाकण लावा, खायला-प्यायला काही देऊ नका, आणि पक्ष्यांच्या दवाखान्याला फोन करा.