कावळ्याचा व्हिसा

कुवेतच्या शर्क भागात ४१४ मीटर उंचीचा अल हमरा टॉवर दिमाखात उभा आहे. अशा इमारतींच्या शेजारी, विसाव्या मजल्यावरच्या मराठी घरातही महिन्यातले चार दिवस कावळा शिवतोच. खिडक्या बंद, एसी चालू, खाली पहारेकरी. तरी स्वारी थेट देवघरापाशी हजर! आपल्याला इथे राहायला मेडिकल, बोटांचे ठसे, सिव्हिल आयडी. कावळ्याला मात्र व्हिसाही लागत नाही.

घरातले साहेब तेलविहिरीतला दाब दशांशापर्यंत सांगतात. पण गर्भ राहिला नाही की गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं, ते बाहेर टाकताना स्नायू आकुंचन पावतात आणि पोट दुखतं, हे मुलीला सांगायची वेळ आली की साहेबांना अचानक मीटिंग आठवते. बकाल्यातून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, पॅड आणायचे तर काळ्या पिशवीत, जणू तस्करीचा माल!

भारत सरकारने २०१८ साली सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द केला. लोणच्याच्या बरणीला हात न लावण्याचा कर मात्र समुद्रापलीकडेही वसूल होतोय. तोही फक्त बायकांकडून.